कोटाचे शेवटचे बटण: एका रिवाजाची पार्श्वभूमी

लग्नसराई आली की कोटाचे शेवटचे बटण का लावायचे नाही याची चर्चा सुरू होते आणि पाठोपाठ पोट सुटलेल्या राजाची गोष्ट येते. हा राजा म्हणजे इंग्लंडचा सातवा एडवर्ड, आणि तो मुंबईला परका नाही. 1875 मध्ये तो युवराज म्हणून इथे उतरला होता, आणि त्या भेटीची आठवण म्हणून उभारलेल्या पुतळ्यावरूनच काळा घोडा हे नाव पडले. 1965 मध्ये पुतळा राणीच्या बागेत गेला, नाव तिथेच राहिले. गोष्ट अशी की पोटामुळे त्याला शेवटचे बटण लागेना, भोवतालच्या मंडळींनी त्याचा मान राखायला आपलीही बटणे सोडली आणि तीच रीत जगभर पसरली.

पण गोष्टीतले हे बटण कोटाचे नाहीच. ते कोटाच्या आत घालायच्या वेस्टकोटाचे आहे. मराठीत हा गुंता आणखी वाढतो. आपले जाकीट बिनबाह्यांचे असते, नेहरू जाकीट हे त्याचे सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. इंग्रजीतले जॅकेट म्हणजे मात्र पूर्ण बाह्यांचा कोट. त्यामुळे नियम जॅकेटचा वाचायचा, गोष्ट जाकिटाची सांगायची, आणि दोन्हींचे खापर एकाच बटणावर फोडायचे, असे वर्षानुवर्षे चालले आहे. हे दोन कपडे वेगळे, त्यांची बटणे सुटी राहण्याची कारणेही वेगळी. एवढे आधी मान्य केले तर निम्मा वाद मिटतो.

वेस्टकोटापुरतीही ती गोष्ट मला पटत नाही. अठराव्या शतकातल्या युरोपीय व्यक्तिचित्रांत मांडीपर्यंत येणारे वेस्टकोट दिसतात, आणि त्यांची खालची बटणे कितीतरी वेळा सुटलेली असतात. कोटाचे म्हणाल तर 1860 च्या दशकातले फोटो पाहावेत. तेव्हा नव्याने रुळत असलेल्या आखूड, सैल कोटाला तीन-चार बटणे असत. त्यांतले छातीवरचे एकच लावलेले आणि त्याखाली कोट दोन्ही बाजूंना फाकलेला. आपला राजा तेव्हा विशीतला युवराज होता, गादीवर आला तो 1901 मध्ये. म्हणजे खालची बटणे सुटी सोडणारे लोक त्याचे पोट सुटण्याच्या कितीतरी आधीपासून होते. त्याच्यामुळे ही सवय प्रतिष्ठेची झाली असेल, हे मी नाकारत नाही. ती त्याने सुरू केली, हे नाकारतो.

कोटाच्या बाबतीत खरे उत्तर शिंप्याच्या कात्रीत आहे. घोड्यावर बसताना कोटाचे पुढचे पदर मांडीत अडकू नयेत म्हणून ते कंबरेपासून मागे तिरके कापले जात. त्याच कापणीतून एका बटणाचा मॉर्निंग कोट आला, आणि आजच्या सुटाच्या कोटालाही खाली जी गोलाई असते ती याच वळणाची. दोन बटणांच्या कोटात वरचे बटण कंबरेच्या आसपास बसते आणि खालचे त्या गोलाईवर पडते. माझ्या पहिल्या सुटाच्या ट्रायलला मास्तरांनी काही न बोलता ते खालचे बटण लावून दाखवले होते. कापड लगेच ओढले गेले, बटणाभोवती फुलीसारख्या चुण्या पडल्या, पाठीमागचा काप उघडला. मग त्यांनी ते सोडले आणि खडूने गोलाईची रेघ दाखवली. ‘हे लावायचं नाही’ असे म्हणण्यापेक्षा ‘हे लावण्यासाठी कापलेलंच नाही’ असे म्हणणे बरोबर, हे मला तेव्हा कळले.

तीन बटणांचे तर सूत्रच ठरलेले आहे: वरचे हवे तर, मधले नेहमी, खालचे कधीच नाही. सूत्र चांगले आहे, पण सगळ्या कोटांना लागू नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या परिसरात लोकप्रिय झालेल्या एका घाटात लॅपल, म्हणजे छातीवर उलटलेली कोटाची पट्टी, पहिल्या बटणाच्याही खाली वळतो. वरचे काज उलटून लॅपलवर दिसते. तिथे वरचे बटणही कायमचे सुटे. याउलट घोडेस्वारीच्या पोशाखातून आलेला दोन बटणांचा एक घाट होता, त्याची बटणे इतकी वर असत की दोन्ही लावायचीच. डबल ब्रेस्टमध्ये, म्हणजे बटणांच्या दोन रांगांच्या कोटात, तर 1930 च्या दशकात त्याच काळ्या घोड्यावरच्या राजाच्या नातवाने, ड्यूक ऑफ केंटने, वरचे बटण सोडून नेमके खालचे लावले, आणि त्या लांब लॅपलच्या घाटाला आजही त्याच्या सरदारकीचे नाव आहे. बसताना सिंगल ब्रेस्टचे बटण सोडतात आणि डबल ब्रेस्टचे ठेवतात, त्यामागेही कापडच आहे: डबल ब्रेस्ट सोडला की एकावर एक येणारा रुंद पदर मांडीवर लोंबतो.

आपल्याकडे रिसेप्शनच्या फोटोंत नवरदेवाची सगळी बटणे लावलेली दिसली की हल्ली लोक हसतात. मला ते अन्यायाचे वाटते. आपल्या घरांत कोट म्हटला की बरेच दिवस बंद गळ्याचाच. त्याचे पदर समोर सरळ खाली येतात, गोलाई जवळजवळ नसते, आणि गळ्यापासून खालपर्यंत बटणे लावली तरच तो अंगावर बसतो. एखादे सुटले तर माणूस गबाळा दिसे. त्याआधीची बाराबंदी तर बंद बांधल्याशिवाय अंगावर राहतच नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी आजही पांढरी बाराबंदीच घालतात, आणि घराबाहेर पडण्याआधी तिचा एकेक बंद नीट आवळून घेतात.