पॉवर विडर सुरू करण्याआधी : ऑइल आणि पेट्रोल

नमस्कार. आमच्याकडून पेट्रोलचा पॉवर विडर घेणाऱ्या किंवा दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हे पत्रक देतो. मशीन चालवायचं कसं, हे तुमच्या शेतात येऊन दाखवतोच. इथं फक्त ऑइल आणि पेट्रोल, कारण इंजिन बसतं ते ऑइलमुळे आणि माणूस भाजतो तो पेट्रोलमुळे.

ऑइल

जाम झालेलं इंजिन उघडलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. कनेक्टिंग रॉड तापून चिकटलेला आणि तळाला चमचाभर काळंकुट्ट ऑइल. सात एचपीच्या विडरमध्ये ऑइल बसतं साधारण ६०० मिली. एवढ्याशा ऑइलवर ते इंजिन भर उन्हात, उसाच्या बाळबांधणीत तास न् तास पळतं. त्यातलं दीडशे मिली कमी झालं तरी त्याला जाणवतं. काही मशीनमध्ये ऑइल कमी झाल्यावर इंजिन आपोआप बंद पडायची सोय असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. उतारावर ती फसते.

ऑइल रोज सकाळी बघा, मशीन थंड असताना. विडर नुसता उभा केला की पुढं नाहीतर मागं कलतोच, आणि कललेल्या मशीनचं गेज, म्हणजे टोपणाला जोडलेली ऑइल मोजायची पट्टी, खोटं बोलतं. म्हणून सपाट जागेवर, चाकाखाली किंवा पात्यांखाली वीट सरकवून इंजिन सरळ करा. गेजभोवतीची माती आधी फडक्यानं पुसा, नाहीतर टोपण काढताक्षणी ती आत पडते. गेज बाहेर काढा, कोरडं पुसा, परत आत घाला, पण आटे फिरवू नका, नुसतं टेकवून बाहेर काढा. बहुतेक इंजिनांची हीच रीत आहे. तुमच्या मशीनची वेगळी असेल तर सर्व्हिस कार्डावर लिहून दिली आहे. ऑइल वरच्या खुणेला हवं. जास्तही भरू नका. जास्तीचं ऑइल एअर फिल्टरमध्ये चढतं आणि मशीन पांढरट-निळा धूर ओकायला लागतं.

गेजवरचं ऑइल बोटावर घेऊन बघायची सवय लावा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. पातळ झालं असेल, पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी न भरताच वाढली असेल, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल खाली उतरलंय. हे बहुतेकदा टेम्पोतून मशीन नेताना पेट्रोलचा कॉक उघडा राहिल्यानं होतं. असं मशीन एकदाही सुरू करू नका, आम्हाला फोन करा. ऑइल बदलून काम भागतं. तसंच चालवलंत तर बोअर-पिस्टनचा खर्च येतो.

नव्या मशीनचं पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं. त्यात सुरुवातीच्या झिजेचा लोखंडी चुरा असतो. पुढचे तास कार्डावर आहेत. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, घट्ट, नव्वद नंबरचं. दोन्ही टोपणं जवळजवळ असली तर एकावर रंगाचा ठिपका देऊन ठेवा.

पेट्रोल

काही वर्षांपूर्वी हळदीच्या रानात प्रात्यक्षिक चालू होतं. मध्येच पेट्रोल संपलं. लोक थांबलेत म्हणून आमच्याच माणसानं गरम मशीनवर बाटलीनं पेट्रोल ओतलं. धार चुकली, सायलेन्सरवर पडली आणि भडका उडाला. त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. चूक आमची होती, घाई आमची होती. तेव्हापासून आमचा एकही माणूस गरम मशीनमध्ये पेट्रोल टाकत नाही, आणि तुम्हीही टाकू नये अशी आमची कळकळीची विनंती आहे.

इंजिन बंद करा, कॉक बंद करा, किमान १५ मिनिटं थांबा. तेवढ्यात पाणी प्या, पात्यांत गुंतलेला वेल काढा. मशीन सरीतून बाहेर, मोकळ्या बांधावर आणा. जवळ विडी-सिगारेट नको, फोनवर बोलणं नको. जाळी असलेलं नरसाळं वापरा आणि टाकी गळ्यापर्यंत न भरता दोन बोटं रिकामी ठेवा, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. सांडलंच तर पुसा, मशीन त्या जागेवरून दहा पावलं लांब न्या आणि वास जाईपर्यंत दोरी ओढू नका.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत लांबवर जाते. म्हणून हळद शिजवायची कायली पेटलेली असताना त्याच अंगणात कॅन उघडू नका. चूल, देवाचा दिवा, मोटारीचा स्टार्टर असलेल्या खोलीतही कॅन ठेवू नका. आग लागलीच तर पाणी मारू नका, त्यावर पेट्रोल तरंगत पसरतं. शेतात माती हाताशी असते, ती खोऱ्यानं टाका.

पाण्याच्या रिकाम्या बाटलीतून पेट्रोल आणू नका. पेट्रोलसाठीच बनवलेला, घट्ट झाकणाचा कॅन घ्या. पंपावर तो गाडीवर ठेवून नाही, जमिनीवर टेकवून भरून घ्या.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. महिनाभर मशीन लागणार नसेल तर टाकी रिकामी करा आणि कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. पावसाळ्यानंतर 'मशीन स्टार्टच होत नाही' म्हणून येणाऱ्यांचा कार्बोरेटर बहुधा एवढ्याच कारणानं चिकटलेला असतो.

घरात टू-स्ट्रोकचा ग्रास कटरही असेल तर दोन कॅन वेगळे ठेवा. कटरला ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागतं, विडरला साधं. साधं पेट्रोल कटरमध्ये गेलं तर तो थोड्याच वेळात जाम होतो.

दुकानात मशीन आणताना टाकी रिकामी करून, कॉक बंद करून आणा. आणि गेजचं टोपण हरवलं असेल तर तिथं चिंधी कोंबून काम उरकू नका. टोपण आमच्याकडे कायम शिल्लक असतं.