पसरणारी गोळी व स्वसंरक्षण : पुण्यातील परवानाधारकांच्या संदर्भात

शरीरात शिरताच टोकाकडून उमलून रुंद होणाऱ्या बंदुकीच्या गोळीला पसरणारी किंवा प्रसरणशील गोळी म्हणतात. तिचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत. एकीच्या टोकाला पोकळी असते, ती होलो पॉइंट. दुसरीच्या टोकाशी तांब्याचे कवच न चढवता शिसे उघडे ठेवतात, ती सॉफ्ट नोज. संपूर्ण कवच असलेली गोळी बहुधा आरपार जाते. पसरणारी गोळी आपला वेग आतच गमावते आणि मोठी जखम करते. अशी काडतुसे स्वतःच्या रक्षणासाठी जवळ बाळगता येतात का, याची दोन ठाम उत्तरे पुण्यात ऐकू येतात : ‘हेगच्या कराराने ती बंद आहेत’ आणि ‘अमेरिकेत पोलीसच वापरतात, मग काय हरकत आहे’. भारतीय परवानाधारकाला या दोन्ही उत्तरांचा उपयोग नाही.

हेगचा गैरसमज पुण्यात रुजण्याचे एक कारण समजण्यासारखे आहे. लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचे हे शहर. निवृत्त अधिकाऱ्यांची येथे मोठी वस्ती. सैन्यात संपूर्ण कवचाचीच गोळी हाताळलेली असल्याने दुसरी गोळी बेकायदाच, असे मनात बसते. तिच्यावरील बंदीचा उगम मात्र भारतातच आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागाराचा अधीक्षक कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने १८९० च्या दशकात .३०३ रायफलसाठी टोक उघडे ठेवलेली गोळी तयार केली. वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत (१८९७-९८) तिचा वापर झाला आणि ‘डमडम’ हे गावाचे नाव जगभर गोळीचे नाव झाले. १८९९ मध्ये नेदरलँड्समधील हेग येथे भरलेल्या परिषदेत युद्धात ही गोळी न वापरण्याचा जाहीरनामा आला, तेव्हा ब्रिटनने त्यावर सही करण्याचे नाकारले. वसाहतींतील लढायांत, ‘रानटी’ शत्रूला थोपवायला ती हवीच, अशी बाजू ब्रिटिश प्रतिनिधी सर जॉन आर्डाघ यांनी मांडली. ज्या माणसांवर ती झाडायची होती, ती याच उपखंडातली होती, हे विसरता येत नाही. ब्रिटन १९०७ मध्ये जाहीरनाम्यात सामील झाले. हा जाहीरनामा त्यात सामील झालेल्या राष्ट्रांमधील युद्धापुरता बांधील आहे. पोलिसांना किंवा घरमालकाला तो लागू होत नाही.

पुण्यातील माणसाला लागू होतो तो शस्त्र अधिनियम, १९५९. त्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र किंवा दारूगोळा मिळवणे, ताब्यात ठेवणे वा जवळ घेऊन फिरणे गुन्हा आहे. काडतूस एकच असले तरी तो दारूगोळाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी किमान २ आणि कमाल ५ वर्षे कारावास आहे. लोहगाव विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस निघाले तरी माणूस या कलमाखाली येऊ शकतो. ताबा जाणीवपूर्वक असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच म्हटले आहे. पण ताबा अजाणता होता हे दाखवेपर्यंतची धावपळ टळत नाही.

‘प्रतिबंधित दारूगोळा’ ही वेगळी आणि कडक श्रेणी आहे. कलम २ मधील तिच्या व्याख्येत विषारी द्रव किंवा वायू भरलेली काडतुसे, बॉम्ब, हातबॉम्ब, रॉकेटे वगैरे येतात आणि राजपत्रातील अधिसूचनेने यादी वाढवण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. गोळी पसरते की नाही, ही कसोटी त्या व्याख्येत नाही. म्हणून ‘होलो पॉइंट म्हणजे आपोआप प्रतिबंधित’ हे विधान कायद्याच्या मजकुरावर टिकत नाही. त्यावरून ‘म्हणजे चालते’ असा निष्कर्ष काढणे मात्र धोक्याचे आहे. परवान्यावर शस्त्राचा बोअर (नळीच्या छिद्राचे माप), दारूगोळ्याचे वर्णन, एका वेळी जवळ ठेवायची संख्या आणि वर्षभरात घ्यायची संख्या लिहिलेली असते. त्या चौकटीतले, परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेले आणि नोंद झालेले काडतूस कायदेशीर. परदेशातून कुणी सामानात आणून दिलेले काडतूस कसल्याही आकाराचे असो, बेकायदाच. साध्या गोळीचे टोक घरी कापणे किंवा कोरणे तर त्याहून वाईट. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे वा त्याचे रूपांतर करणे कलम ५ खाली येते आणि तिथे शिक्षा ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. नळीतच काहीतरी अडकून हात जाण्याचा धोका वेगळाच.

व्यवहारात हा प्रश्न बोअरपाशीच अर्धा सुटतो. ९ मिमी सारखे सेनादलांच्या वापरातले बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. पुणेकराच्या परवान्यावर बहुधा .३२ चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, नाहीतर बारा बोअरची बंदूक असते. त्यांची देशी काडतुसे शहरातल्याच खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनत आली आहेत. १८६९ चा हा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहे. त्याच्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ (किर्की फॅक्टरी) ही अक्षरे असतात आणि देशभरच्या फौजदारी निकालांत ती पुन्हा पुन्हा भेटतात. .३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग कमी असतो. गोळी उमलायला वेग लागतो. एवढ्या वेगात पोकळ टोकाची गोळी उमलेलच, याची खात्री देता येत नाही, त्यामुळे जिच्यावर इतका वाद होतो तो गुण या शस्त्रात उतरेलच असे नाही.

परवाना देणारा अधिकारीही सगळीकडे एक नाही. पुणे शहरात पोलीस आयुक्त, पिंपरी-चिंचवडमध्ये २०१८ पासून तिथले स्वतंत्र आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. परवाना असला तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई करणारे आदेश निघतात, निवडणुकीत शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागू शकतात.

गोळी झाडल्यानंतर न्यायालय पाहते ते भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४. जुलै २०२४ पूर्वी हीच तत्त्वे दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होती. न्याय संहितेचे कलम ३७ सांगते की बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ असेल तर हा अधिकारच नाही. जीव घेण्यापर्यंतचा अधिकार शरीराच्या बचावात मृत्यूची वा गंभीर इजेची रास्त भीती, बलात्कार, अपहरण अशा कलम ३८ मधील, आणि मालमत्तेच्या बचावात जबरी चोरी, रात्रीची घरफोडी अशा कलम ४१ मधील प्रसंगांपुरता आहे. जिवावर बेतलेल्या माणसाने किती जोर लावला, हे न्यायालये सोन्याच्या काट्यावर तोलत नाहीत. तरीही ‘मुद्दाम जास्त जखम करणारी गोळी निवडली’ हा मुद्दा सरकारी वकील हेतू दाखवण्यासाठी मांडू शकतो. बचाव पक्षाकडेही उत्तर आहे : आरपार न जाणारी गोळी शेजाऱ्याला वाचवते. सदाशिव पेठेतल्या वाड्याची पातळ आडभिंत किंवा कोथरूडच्या सदनिकेचा दरवाजा डोळ्यांपुढे आणला की हा युक्तिवाद पोकळ वाटत नाही. निरपराध व्यक्तीला धोका पत्करल्याशिवाय बचाव शक्यच नसेल तर तो पत्करता येतो, असे कलम ४४ म्हणते, पण ती सवलत प्राणघातक हल्ल्यापुरतीच आहे.

अमेरिकेतील पोलीस दले याच आरपार जाण्याच्या धोक्यामुळे पोकळ टोकाकडे वळली. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी १९९८ मध्ये तसा निर्णय घेतला. शेजारच्या न्यू जर्सीत मात्र नागरिकाला अशी गोळी घरी, शिकारीत किंवा सरावाच्या मैदानावर चालते, एरवी बाळगणे गुन्हा ठरते. इंग्लंडने १९९७ मध्ये ती नागरिकांना बंद केली आणि २०१७ मध्ये रायफलपुरती मोकळीक दिली, कारण तिथे हरणाच्या शिकारीला पसरणारीच गोळी वापरावी लागते. जनावर जखमी होऊन तडफडू नये, हा हेतू.

पुण्यात अशा गोळ्या खरोखर सापडतात त्या जुन्या ट्रंकांमध्ये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाआधी शिकारीला जाणाऱ्या आजोबांची सॉफ्ट नोज काडतुसे कपड्यांच्या गाठोड्याखाली राहून जातात आणि घर पुनर्विकासाला देताना बाहेर पडतात. परवाना आजोबांच्या नावाचा, म्हणून त्यांच्यामागे घरच्यांचा ताबा कायदेशीर राहत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात. ती नदीत वा कचऱ्यात टाकू नयेत, भंगारवाल्याकडेही देऊ नयेत. ठाण्यावर आधी कळवावे, जुना परवाना सापडला तर सोबत न्यावा आणि जमा केल्याची लेखी पोच घेऊन घरी ठेवावी.