लोणार एका ठिपक्यात मावते तेव्हा: बर्फाळ चंद्रांच्या छायाचित्रणाची पार्श्वभूमी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. १९७९ मध्ये व्हॉयेजर-२ यानाने गुरूच्या युरोपा या चंद्राची जी छायाचित्रे पाठवली, त्यांपैकी सर्वांत स्पष्ट छायाचित्रांतही एक ठिपका (पिक्सेल) म्हणजे पृष्ठभागावरचे जवळपास दोन किलोमीटर होते. म्हणजे लोणारएवढे विवर तेथे असते तरी ते एका ठिपक्यात गडप झाले असते. मोठी विवरे मात्र दिसायला हवी होती, आणि नेमकी तीच फारशी नव्हती. गुरूचाच दुसरा चंद्र कॅलिस्टो विवरांनी खच्चून भरलेला, तर युरोपावर तपकिरी रेघांचे जाळे. आघातांच्या खुणा जितक्या कमी तितका पृष्ठभाग तरुण, या हिशेबाने युरोपाचे आजचे रूप ४ ते ९ कोटी वर्षांचे मानले जाते. लोणार ज्या काळ्या पाषाणात कोरले गेले, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे.

१९९५ च्या डिसेंबरमध्ये गुरूभोवती फिरू लागलेल्या गॅलिलिओ यानाची मुख्य अँटेना १९९१ मध्येच उघडायची राहिली होती. सेकंदाला १३४ किलोबिट पाठवण्याची योजना असताना प्रत्यक्षात फार तर १६० बिट जात. त्यामुळे छायाचित्रे टेपवर साठवून, आकुंचित करून आणि निवडूनच पाठवावी लागली. मोजकीच, पण काहींत ठिपका अवघ्या सहा मीटरचा होता. युरोपावरील कोनामारा भागात बर्फाचे फुटलेले तुकडे सरकून, फिरून पुन्हा गोठलेले दिसले; ते कागदावर मागे सरकवले की त्यांवरचे कंगोरे एकमेकांशी जुळत. खालचा थर कधीतरी मऊ किंवा प्रवाही असला पाहिजे, या तर्काला त्यातून बळ मिळाले.

या कामात ठिपक्याच्या आकाराइतकेच महत्त्व प्रकाशाच्या कोनाला असते, याकडे सहसा दुर्लक्ष होते. वखरलेले शिवार भर दुपारी सपाट भासते आणि दिवस कलला की ढेकूळ न् ढेकूळ सावलीसह उठून दिसते, तसेच येथेही घडते. शनीच्या एन्सेलाडसवरील बर्फकणांचे फवारे कॅसिनी यानाने २००५ मध्ये टिपले, तेही सूर्य त्या चंद्राच्या मागे असताना.

ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर यान २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचणे अपेक्षित आहे. निवडक जागी अर्ध्या मीटरपर्यंतचा तपशील टिपण्याची त्याची क्षमता आहे. तथापि युरोपाचा सुमारे ९० टक्के पृष्ठभाग १०० मीटरच्या ठिपक्यांत नोंदवण्याचे त्याचे उद्दिष्ट अधिक मोलाचे वाटते, कारण गॅलिलिओची बारीक छायाचित्रे अगदी थोड्या भागापुरतीच होती.