कार्बन फुटप्रिंट काढायला देताना: तयार पार्टचं नको, कापलेल्या मालाचं वजन द्या

"पार्ट आमचा चारशे ग्रॅमचा, मग तुमच्या रिपोर्टात एक किलो ॲल्युमिनियम आलं कुठून?" हा फोन आम्हाला महिन्यातून दोनदा तरी येतो. आम्ही तुमच्या पार्टचा कार्बन फुटप्रिंट, म्हणजे तो बनवताना एकूण किती सीओटू (कार्बन डायऑक्साइड) हवेत जातो, ते काढून देतो. त्यासाठीच हे पत्रक.

युरोपातल्या खरेदीदाराची फुटप्रिंट मागणारी एक्सेल शीट येते, तुम्ही ती बीओएमसकट (कुठलं मटेरियल किती लागतं त्या यादीसकट) आमच्याकडे पाठवता. मटेरियलच्या रकान्यात नुसतं ‘ॲल्युमिनियम’ आणि वजन ड्रॉइंगवरचं. आमचा निम्मा आठवडा या दोन रकान्यांपायी जातो.

समजा, एक किलोचा ठोकळा कापून तुम्ही 400 ग्रॅमचा पार्ट काढलात. उरलेल्या 600 ग्रॅमच्या चिप्स झाल्या, पण खाणीतून बॉक्साइट काढून, वीज ओतून धातू बनवला तो अख्ख्या किलोचा. खनिजापासून बनवलेल्या ॲल्युमिनियमचा जागतिक सरासरी आकडा किलोमागे साधारण 15 किलो सीओटू आहे. तयार वजन धरलं तर 6 किलो, खरा हिशेब 15. तपासणाऱ्याने विचारलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

"पण चिप्स आम्ही विकतो, त्या वजा करा की!" नाही करत, आणि यावरून आमच्याशी वादही झालेले आहेत. आम्ही वापरतो त्या पद्धतीत भंगार विकणाऱ्याला सूट मिळत नाही, ते वितळवून वापरणाऱ्याला मिळते. दोघांनाही दिली तर एकच बचत दोनदा मोजली जाईल. खरेदीदाराने दुसरी पद्धत मागितली असेल तर तो आकडा वेगळा काढून देतो, पण दोन्हींची सरमिसळ करत नाही.

हाच नियम तुमच्या फायद्याचाही आहे. एडीसी 12 या ॲल्युमिनियमच्या ग्रेडचं डायकास्टिंग (साच्यात धातू दाबून बनवलेलं हाउसिंग वगैरे) असेल तर माल बहुतेक भंगारातूनच आलेला असतो, आणि भंगार वितळवायला खनिजाच्या मानाने सुमारे 5 टक्केच ऊर्जा लागते. नुसतं ‘ॲल्युमिनियम’ लिहिलंत की आम्हाला डेटाबेसमधलं बाजाराचं सरासरी मिश्रण धरावं लागतं, आणि तुमचं चांगलं हाउसिंग उगाच बदनाम होतं. म्हणून ग्रेड लिहा.

स्टीलचंही तसंच. ब्लास्ट फर्नेसच्या (खनिजापासून बनवलेल्या) स्टीलला किलोमागे 2 किलोहून जास्त सीओटू लागतो, भंगारावर चालणाऱ्या विजेच्या भट्टीत त्याहून बराच कमी. माल जालन्याच्या इंडक्शन भट्टीचा असेल तर भंगार किती आणि स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता काढलेलं लोखंड) किती हेही विचारून घ्या, कारण कोळशावरचं स्पंज आयर्न सगळं गणित फिरवतं. टीसीवर (मालाच्या टेस्ट सर्टिफिकेटवर) धातूचं रसायन असतं, कुठल्या भट्टीचा माल ते नसतं. पण मिलचं नाव असतं, तिथून पुढचं आम्ही शोधतो. टीसी पाठवायला मात्र विसरू नका.

कॅडमधलं वजन उतरवून घेत असाल तर आधी मॉडेलला मटेरियल लावलंय का बघा. काही सॉफ्टवेअर मटेरियल नसेल तर पाण्याची घनता धरतात, म्हणजे स्टीलचा पार्ट आठपट हलका!

प्लास्टिकचा रनर (साच्याच्या वाटेत उरलेला तुकडा) दळून त्याच मशीनमध्ये परत जात असेल तर त्याचं वजन धरू नका, बाहेर विकत असाल तर धरा. प्लेटिंग, हीट ट्रीटमेंट बाहेरून होत असेल तर तेवढी नोंद पुरे. विजेची बिलं बारा महिन्यांची द्या. छतावर सोलर असेल तर आवर्जून कळवा. ग्रिडच्या एका युनिटमागे जवळपास 0.7 किलो सीओटू धरावा लागतो.

"फुटप्रिंट काढायचं ओपनएलसीए सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं, मग एवढं बिल कसलं?" असंही विचारतात. सॉफ्टवेअर फुकटच आहे. त्यात घालायचा इकोइन्व्हेंटसारखा डेटाबेस फुकट नाही, त्याचं लायसन्स आम्ही भरतो. शिवाय भारतातली कुठली नोंद तुमच्या मालाला लागू पडते आणि कुठली नाही, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. वजनं बदलली तर पहिली दुरुस्ती आम्ही बिनपैशाची करतो, त्यापुढच्या दुरुस्त्यांचे पैसे तासाप्रमाणे.

आणि एक. सीबॅमचा (युरोपात येणाऱ्या मालावरच्या कार्बन शुल्काचा) आकडा आणि उत्पादनाचा पूर्ण फुटप्रिंट वेगवेगळे असतात. नट-बोल्टवाल्यांनो, खरेदीदाराला नेमकं कुठलं हवंय ते आधी विचारा.

नवीन पार्ट असेल तर ड्रॉइंग फ्रीज (पक्कं) होण्याआधी दाखवा. ठोकळ्याऐवजी फोर्जिंग घेतलं तर काय फरक पडेल, हे तेव्हा एका दुपारी सांगता येतं. डाय बनल्यावर सांगून उपयोग नसतो. चालू पार्टसाठी एक कापलेला, न मशीन केलेला तुकडा काट्यावर ठेवा आणि आकड्यासकट फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा.