गरोदरपणातला मलेरिया : तपासण्यांची तुलना

गरोदरपणातला मलेरिया, म्हणजे हिवताप, ओळखायला मुख्य चार तपासण्या आहेत: रक्ताची काचपट्टी, रॅपिड किट, पीसीआर आणि बाळंतपण झाल्यावर वारेची (प्लासेंटाची) तपासणी. परजीवी एकच, प्लाझमोडियम, पण प्रत्येक तपासणी त्याला वेगळ्या जागी नाहीतर वेगळ्या खुणेवरून शोधते, त्यामुळे एकाच बाईचे दोन रिपोर्ट जुळले नाहीत तर कुणीतरी चुकलंच असं धरायचं कारण नाही.

खरी अडचण वारेत आहे. फाल्सिपेरम जातीचा परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशी वारेतल्या कॉन्ड्रॉइटिन सल्फेट ए नावाच्या रेणूला चिकटून बसतात, तिथे वाढत राहतात आणि बोटातल्या रक्तात मात्र परजीवी थोडेच दिसतात, कधी एकही नाही. इकडे आईचं हिमोग्लोबिन उतरत जातं, बाळाचं वजन कमी भरतं, मुदतीआधी बाळंतपण किंवा गर्भपातही होऊ शकतो. दुसऱ्या जातीचा, व्हायवॅक्स, सहसा वारेत असा दडत नाही, पण रक्त तोही कमी करतो.

काचपट्टी अजूनही मूळ तपासणी आहे. जाड थेंबावरून परजीवी आहे का ते कळतं, पातळ पसरलेल्या रक्तावरून जात कुठली ते. आपल्याकडे जेएसबी किंवा गिम्सा रंग वापरतात आणि ऑइल लेन्सखाली किमान १०० फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नसतं. कामाच्या रेट्यात मायक्रोलिटरमागे साधारण ५० ते १०० परजीवी असले तरच ते नजरेला पडतात, मुरलेला टेक्निशियन त्याहून कमीही पकडतो. कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट की जाड थेंब लवकर वाळतच नाही, अर्धवट ओला रंगवायला घेतला तर धुऊन जातो आणि वाळवायला उघडा ठेवला तर माशा-मुंग्या खातात, म्हणून पट्टी सपाट ठेवून, झाकून, पूर्ण वाळवूनच प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायला हवी.

खाडीपलीकडच्या वाडीत मायक्रोस्कोप नसतो, तिथे आशाताईंच्या पिशवीतलं किट कामाला येतं. एक थेंब रक्त, त्यावर बफर, पंधरा-वीस मिनिटांत रेघा. फाल्सिपेरमसाठी ते एचआरपी२ हे प्रथिन शोधतं, व्हायवॅक्ससाठी पीएलडीएच. परजीवी वारेत लपले तरी एचआरपी२ रक्तात फिरत असतं, म्हणून काचपट्टी निगेटिव्ह आणि किट पॉझिटिव्ह असं गरोदर बाईत होऊ शकतं आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं अजिबात नाही. पण हेच प्रथिन औषध घेऊन बरं झाल्यावरही काही आठवडे टिकतं, त्यामुळे उपचार लागू पडले का हे बघायला पट्टीच हवी. शिवाय काही फाल्सिपेरममध्ये या प्रथिनाचं जनुकच नसतं, ते एचआरपी२ वर चालणाऱ्या किटला सापडत नाहीत. पाकीट आधीच फोडून ठेवलेलं किट दमट हवेत खराब होतं, तेही लक्षात ठेवायचं.

पीसीआर परजीवीचा डीएनए वाढवून बघतं आणि मायक्रोलिटरमागे पाच-दहा परजीवी, कधी त्याहून कमी असले तरी पकडतं. पण मशीन, खर्च आणि वेळ बघता तापाने फणफणलेल्या बाईला त्यासाठी थांबवून ठेवणं योग्य नाही, संशोधनात आणि शंका निवारायला ते उपयोगी. वारेची तपासणी सगळ्यात नेमकी खरी, आधी होऊन गेलेल्या आजाराचा हिमोझोइन हा काळपट रंगही तिथे सापडतो, पण ती होते बाळ जन्मल्यावर, उपचाराची वेळ तेव्हा निघून गेलेली असते.

कोकणात प्रसार कमी असल्याने अंगात प्रतिकारशक्तीही कमी, म्हणून पहिलटकरीणच काय, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाईही गंभीर होऊ शकते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी पनवेल किंवा मुंबईहून आलेली असते, हापूसच्या बागांत कामाला आलेल्या कुटुंबातल्या बायका कुठून आल्या ते पुष्कळदा विचारलंच जात नाही, आणि तापाचं कारण शोधताना मुक्काम कुठे होता हा प्रश्न रक्ताइतकाच कामाचा आहे. सिंधुदुर्गात तापाच्या कारणांत लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भर, दोडामार्गाकडे २०१६ पासून माकडतापाचीही (केएफडी), म्हणून नुसत्या तापावरून मलेरिया धरून गोळ्या देणंही बरोबर नाही. जात कळणं तर फारच गरजेचं, कारण व्हायवॅक्ससाठी दिलं जाणारं प्रायमाक्विन हे औषध गरोदरपणात देत नाहीत.

तापात पट्टी आणि किट दोन्ही करावं. दोन्ही निगेटिव्ह आलं आणि ताप उतरत नसेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा पट्टी घ्यावी, एकूण तीनदा तरी.