मिस्ड कॉलचा क्रमांक ४८७

औसा तालुक्यातील एखादा शेतकरी लातूरच्या मार्केट यार्डातील आडत दुकानाला फोन लावतो, दोनदा रिंग वाजली की कापतो आणि सोयाबीनचा भाव सांगण्यासाठी आडत्याचा उलट फोन येण्याची वाट पाहतो. बोलणे काहीच झालेले नसते, तरी तेवढ्या वेळात दोन्हीकडच्या यंत्रांमध्ये बराच पत्रव्यवहार होऊन गेलेला असतो. इंटरनेटवरून जाणाऱ्या पुष्कळशा फोनचा आणि फोर-जीवरील व्होल्टी कॉलचाही हा पत्रव्यवहार ‘सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल’, म्हणजेच एसआयपी, या नियमावलीनुसार चालतो. तिची आजही पायाभूत मानली जाणारी आवृत्ती जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

फोन लावताच ‘इन्व्हाइट’ नावाची विनंती निघते आणि तिला तीन अंकी उत्तरे येऊ लागतात. अशा उत्तरांची पद्धत वेबसाइटच्या व्यवहारावरून घेतलेली आहे. न सापडणाऱ्या पानाचा ४०४ हा आकडा अनेकांनी पाहिलेला असतो. वाटेतला सर्व्हर प्रथम १०० पाठवतो, म्हणजे विनंती मिळाली, पुढे पाहतो. दुकानातला फोन वाजू लागला की १८० येतो, आणि आपल्या कानात ऐकू येणारी रिंग पुष्कळदा या १८० वरून आपल्याच फोनने तयार केलेली असते. पलीकडे फोन उचलला गेला की २०० येतो.

आपला शेतकरी मात्र १८० नंतरच फोन कापतो. त्याचा फोन ‘कॅन्सल’ पाठवतो. त्या कॅन्सलला २०० मिळतो, ज्याचा अर्थ येथे ‘विनंती मान्य’ एवढाच, आणि मूळ इन्व्हाइटला ४८७, म्हणजे ‘विनंती मागे घेतली गेली’. मिस्ड कॉलची नियमावलीतील नोंद ती हीच. यातला नाजूक क्षण वेगळाच आहे. कॅन्सल वाटेत असतानाच आडत्याने फोन उचलला, तर कॅन्सल निष्फळ ठरतो, इन्व्हाइटला ४८७ ऐवजी २०० येतो, आणि शेतकऱ्याच्या फोनला तो २०० रीतसर स्वीकारून लगेच ‘बाय’ पाठवावा लागतो. कॉल लागला आणि त्याच क्षणी तुटला, असे दोघांनाही वाटते ते यामुळे.

नकारांमधला फरक मला या नियमावलीचा सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग वाटतो. दुकानाच्या एकाच क्रमांकावर गादीजवळचा, गोदामातला आणि मुनिमाच्या खिशातला असे तीन फोन जोडलेले असतील, तर सर्व्हर इन्व्हाइट तिघांकडे पाठवू शकतो. गादीवरच्या फोनने ४८६ दिला, तर त्याचा अर्थ ‘येथे व्यस्त’ एवढाच होतो. उरलेले दोन वाजत राहतात. पण एखाद्याने ६०० दिला, तर ‘सगळीकडेच व्यस्त’ असा निर्वाळा मिळतो आणि सर्व्हर बाकीचे फोनही थांबवतो. ४८० म्हणजे माणूस माहीत आहे पण आत्ता भेटत नाही, तर ४०४ म्हणजे या पत्त्यावर असा कोणी नाहीच. पहिल्या बाबतीत थोड्या वेळाने पुन्हा फोन करण्यात अर्थ असतो, दुसऱ्या बाबतीत क्रमांक तपासलेला बरा.

४०१ हा दिसायला नकार असला, तरी तो ओळख पटवण्याची मागणी असतो. सर्व्हर त्यासोबत एक यादृच्छिक मजकूर देतो आणि फोन तो पासवर्डबरोबर गणिती प्रक्रियेत घालून आलेले उत्तर पाठवतो. खुद्द पासवर्ड तारेवरून जात नाही.

आणि उत्तरच आले नाही तर? वळवाच्या पावसात मधली जोडणी तुटली, असे समजा. यूडीपी या साध्या वाहतूक पद्धतीने पाठवलेला इन्व्हाइट नेहमीच्या ठरावानुसार अर्ध्या सेकंदाने पुन्हा जातो, मग एक, दोन, चार असे अंतर दुप्पट होत जाते. वाटेतून नुसता १०० आला तरी ही पुनरावृत्ती थांबते. तोही न आल्यास एकूण सात वेळा विनंती जाते, ३२ सेकंदांनी फोन थांबतो आणि ४०८, म्हणजे ‘मुदत संपली’, असे उत्तर मिळाल्याचे धरून चालतो. हा ४०८ मात्र कोणीही पाठवलेला नसतो.