रंकाळा: खण, तलाव आणि उद्यान

कोल्हापूरच्या पश्चिम अंगाला, शिवाजी पेठेची जुनी वस्ती विरळ होऊ लागते तिथे रंकाळा लागतो. चार किलोमीटरांहून अधिक परिघाचा हा तलाव, त्याच्या काठचे पद्माराजे उद्यान, चौपाटी, राजघाट, मराठा घाट, टॉवर आणि पलीकडच्या काठावरचा शालिनी पॅलेस हे सारे मिळून शहराचे सर्वांत मोठे विरंगुळ्याचे ठिकाण तयार झाले आहे. पहाटे फिरायला येणारे, संध्याकाळी भेळ खाण्यासाठी कठड्यावर जागा शोधणारे आणि अंबाबाईचे दर्शन आटोपून आलेले परगावचे भाविक या सर्वांना तो उद्यान म्हणूनच ठाऊक आहे. परंतु रंकाळा उद्यान म्हणून कोणी आखलेला नाही. दगड, पाणी, राजवाडा, सिनेमा आणि सहल अशा वेगवेगळ्या गरजा निरनिराळ्या काळांत त्याच्या काठावर येत गेल्या आणि त्यांचे जे अवशेष उरले, त्यांतून आजचा रंकाळा घडला. त्याच्या सध्याच्या अडचणी समजून घ्यायच्या असतील, तर ही जडणघडण माहीत असणे आवश्यक आहे.

पारंपरिक समजुतीनुसार रंकाळ्याच्या जागी मुळात दगडाची मोठी खण होती. शिलाहार राजा गंडरादित्य याने कोल्हापूर परिसरात तीनशे साठ जैन बस्त्या (मंदिरे) उभारल्या आणि त्यांच्यासाठी लागलेला दगड याच खणीतून काढला, असे सांगितले जाते. दुसऱ्या कथेप्रमाणे आठव्या-नवव्या शतकात भूकंप होऊन खणीच्या तळाशी भेग पडली आणि जमिनीतले पाणी वर आले. या पाण्यात रंकभैरवाचे मंदिर बुडाले आणि त्यावरून तलावाला नाव मिळाले. या दोन कथांचा काळ एकमेकींशी जुळत नाही. गंडरादित्य बाराव्या शतकातला आहे आणि भूकंपाची कथा त्याच्या कितीतरी आधीची. तरीही दोन्ही कथांत खण आहे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोल्हापूर काळ्या बसाल्टवर वसलेले आहे, अंबाबाईच्या मंदिरापासून पेठांतल्या वाड्यांच्या जोत्यांपर्यंत हाच दगड दिसतो आणि रंकाळ्याला लागून असलेली इराणी खण आजही पाण्याने भरलेली आहे. इतका दगड ज्या शहराने वापरला, त्या शहराच्या वेशीवर एवढा मोठा खड्डा उरावा आणि पावसाच्या पाण्याने तो भरावा, यासाठी भूकंपाची आवश्यकता नाही.

काठावरच्या नंदीची आख्यायिका मात्र कोल्हापूरकराला लहानपणापासून पाठ असते. हा नंदी तलावाच्या दिशेने गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. ज्या दिवशी तो पाण्याला टेकेल, त्या दिवशी प्रलय होईल, असे म्हणतात. जवळच संध्यामठ नावाचे जुने दगडी बांधकाम पाण्यात उभे आहे. पावसाळ्यानंतर तलाव भरला की त्याचा बराचसा भाग पाण्याखाली जातो आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की खांब व जोते उघडे पडते. वर्षानुवर्षे ओले आणि कोरडे होत राहिल्यामुळे त्याच्या दगडांचे सांधे सुटू लागले आहेत. रंकाळ्यावरच्या साऱ्या वास्तूंत हीच सर्वांत जुनी दिसणारी आहे, आणि सुशोभीकरणाच्या यादीत मात्र तिचा क्रम सहसा खाली असतो, याची खंत वाटते.

जुन्या कोल्हापुरात रंकाळा हा एकटा तलाव नव्हता. कोटीतीर्थ, पद्माळा, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर, खंबाळा अशी तळी आणि तीर्थे शहरभर पसरलेली होती. त्यांतली बहुतेक पुढे बुजवली गेली. वरुणतीर्थाच्या जागी आज गांधी मैदान आहे, कपिलतीर्थावर भाजी मंडई भरते आणि रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले. पावसाळ्यात गांधी मैदानावर पाणी साचते, तेव्हा जमीन आपली जुनी ओळख विसरलेली नाही हे कळते. रंकाळा वाचला, कारण तो आकाराने मोठा होता आणि शहराला व काठच्या शेतीला त्याच्या पाण्याची गरज होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापूर संस्थानाने त्याच्या काठावर पक्की बांधकामे केली. आज ज्या दगडी बांधावरून लोक फिरतात, तो शोभेसाठी नव्हे तर पाणी अडवण्यासाठी बांधलेला आहे. या वापराची एक खूण ‘धुण्याची चावी’ या ठिकाणाच्या रूपाने टिकून आहे. धुणे तलावातच होऊ नये म्हणून पाणी बाहेर सोडून तिथे कपडे धुण्याची सोय केलेली होती. पाण्यावर इतका बारीक विचार करून केलेली ही व्यवस्था पुढच्या काळातल्या अनेक योजनांहून अधिक शहाणपणाची होती, असे माझे मत आहे.

याच काळात शहरात एक आखीव बागही तयार झाली. भाऊसिंगजी रस्त्यावरच्या टाऊन हॉलची गॉथिक धाटणीची इमारत चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार 1872 ते 1876 या काळात बांधली गेली. नवीन राजवाडाही त्यांचाच. टाऊन हॉलभोवतीच्या बागेतली जुनी झाडे, त्यांवर लटकणारी वटवाघळे आणि इमारतीतले वस्तुसंग्रहालय यांचे स्वतंत्र महत्त्व आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली आणि याच संग्रहालयात असलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती रोमशी असलेल्या प्राचीन व्यापाराची साक्ष म्हणून जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. मात्र टाऊन हॉलची बाग एका आराखड्यातून उभी राहिली आणि रंकाळा पिढ्यापिढ्यांच्या वापरातून, हा दोहोंतला मूळ फरक आहे.

रंकाळ्याकडे रम्य स्थळ म्हणून पाहण्याची दृष्टी कोल्हापूरला प्रामुख्याने चित्रकारांनी दिली. मुंबईत कलाशिक्षण घेऊन परतलेले आणि शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले आबालाल रहिमान (निधन 1931) यांनी कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा घाट अशा शहराच्या पाणवठ्यांची निसर्गचित्रे काढली. त्यांच्यामागून आलेल्या कोल्हापूरच्या चित्रकारांच्या कित्येक पिढ्यांनी रंकाळ्याच्या काठी बसून जलरंगाचा हात साधला. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, 1931 ते 1934 या काळात, काठावर शालिनी पॅलेस बांधला गेला आणि त्याला राजकन्या शालिनीराजे यांचे नाव देण्यात आले. काळ्या दगडाच्या कमानी, मनोऱ्यावरचे घड्याळ आणि पाण्यात पडणारे त्याचे प्रतिबिंब हे पुढे रंकाळ्याच्या छायाचित्रांचे कायमचे अंग बनले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या राजवाड्यात काही काळ हॉटेलही चालले.

राजवाडा बांधला गेला त्याच दशकात, म्हणजे 1930 च्या दशकात, रंकाळ्याच्या परिसरात शालिनी सिनेटोन हा स्टुडिओ सुरू झाला. 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणणाऱ्या बाबूराव पेंटर यांनी आपला गाजलेला मूकपट ‘सावकारी पाश’ 1936 मध्ये बोलपट म्हणून याच संस्थेसाठी पुन्हा केला. सावकाराने जमीन बळकावलेल्या शेतकऱ्याची ती कहाणी आहे. पुढे स्टुडिओ बंद पडला आणि त्याच्या जागेचे काय करायचे, हा प्रश्न शहरात बराच काळ धगधगत राहिला. कलावंत आणि चित्रपटरसिक यांनी ती जागा चित्रपटासाठीच राखून ठेवावी असा आग्रह धरला. मराठी चित्रपटाची पायाभरणी ज्या शहरात झाली, त्याने असा आग्रह धरणे सर्वस्वी योग्य होते.

1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1972 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. या काळात शहराची वाढ फुलेवाडीच्या दिशेने झाली आणि एकेकाळी शेतजमिनीच्या शेजारी असलेला तलाव वस्तीने वेढला गेला. उद्यान, चौपाटी, नौकाविहार, खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि अंबाई जलतरण तलाव यांमुळे लोक रंकाळ्यावर अधिक येऊ लागले. त्याच वेळी शहराला पिण्याचे पाणी दुसरीकडून मिळू लागल्याने रंकाळ्याच्या पाण्यावरचे लक्ष उडाले. काठ सजत गेला आणि पाणी बिघडत गेले, हे दोन्ही एकदमच घडले. श्याम सोसायटीच्या बाजूचा नाला आणि परताळ्याकडून येणारे सांडपाणी तलावात मिसळू लागले. सांडपाण्यातला नत्र व स्फुरद म्हणजे पाणवनस्पतींना आयते खत. त्यामुळे कधी केंदाळाने पृष्ठभाग झाकला गेला, तर कधी हिरव्या शेवाळाचा थर चढून पाण्याला उग्र वास येऊ लागला. शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरून काठाला लागतात. केंद्राच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, तो या पार्श्वभूमीवर.

गणेशमूर्तींच्या विसर्जनाबाबत शहराने दाखवलेली समज मात्र आवर्जून नोंदवावी लागेल. पंचगंगा आणि रंकाळा यांच्यावरचा भार कमी करण्यासाठी मूर्ती आता मोठ्या संख्येने इराणी खणीत विसर्जित होतात. अनंत चतुर्दशीला रात्रभर क्रेनच्या साह्याने मूर्ती खणीत सोडल्या जात असताना शेजारचा तलाव त्यापासून मुक्त राहतो. हिवाळ्यात वारकरी नावाचे पाणपक्षी, हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी आणि पाणकावळे यांचे थवे पाण्यावर दिसतात आणि पक्षिनिरीक्षक मुलांना घेऊन काठावर येतात.

दिवे, कठडे, कारंजी आणि फरसबंदी यांवर होणाऱ्या खर्चाला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु नाल्यांतून येणारे सांडपाणी अडवून ते दुधाळीच्या शुद्धीकरण केंद्राकडे वळवण्याचे काम या सर्वांच्या आधी येते. पावसाळ्यात नाले तुंबून तेच पाणी पुन्हा तलावाकडे वळते, म्हणून वळवलेल्या वाहिन्यांची क्षमता पावसाळी प्रवाहाचा विचार करून ठरवावी लागेल, आणि संध्यामठाच्या सुटलेल्या दगडांची डागडुजी पाणी उतरलेले असताना, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांतच, करावी लागेल.